हॉप-अप लावताना डायल शेवटी

एअरसॉफ्ट बंदूक म्हणजे बीबी, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या, हवेच्या दाबाने सोडणारी खेळाची बंदूक. तिच्यातला हॉप-अप बीबीला उलटी गिरकी देतो, म्हणून ती लांबवर सरळ जाते. हा हॉप-अप लावताना डायल फिरवणं हे शेवटचं काम आहे. त्याआधी बीबीचं वजन ठरलेलं असावं लागतं, बॅरल, म्हणजे नळी, पुसलेली असावी लागते, रबर सरळ बसलेलं असावं लागतं आणि हवेची गळती थांबलेली असावी लागते. हा क्रम उलटला की माणूस डायल पुढे-मागे करत बसतो, बीबीचं अख्खं पाकीट संपतं आणि बंदूक होती तशीच राहते. आमच्याकडे लावायला येणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुकांपैकी बहुतेकींची तक्रार ‘हॉप लागत नाही’ अशीच असते, आणि दोष डायलमध्ये क्वचितच सापडतो. एम४ धाटणीची इलेक्ट्रिक बंदूक आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी लावतो ते इथे त्याच क्रमाने मांडलं आहे.

एक गोष्ट आधी. शस्त्र नियम २०१६ मध्ये हवाई शस्त्रांसाठी २० जूल आणि ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमी, अशी रेषा आखलेली आहे. एअरसॉफ्टची ताकद २० जूलच्या आसपासही जात नाही, पण तिची नळी ६ मिमीची असते. त्यामुळे विकत घेण्याआधी आणि बाहेरून मागवण्याआधी कायदेशीर बाजू नीट विचारून घ्यावी. दिसायला ही वस्तू खऱ्या बंदुकीसारखी असते. सोसायटीच्या गच्चीवर, गल्लीत किंवा लोकलच्या डब्यात ती पिशवीबाहेर काढायचीच नाही. काम सुरू करण्यापूर्वी मॅगझिन काढायचं, सुरक्षित दिशेला एक फायर करून चेंबर, म्हणजे बीबी बसते ती जागा, रिकामं करायचं, मग बॅटरी सोडवायची. चाचणीच्या वेळी तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर पूर्ण बंद गॉगल हवा, नुसता चष्मा चालत नाही.

हॉप-अप बीबीला वरच्या कोनात फेकत नाही, हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. बीबी चेंबरमध्ये असते तेव्हा तिच्या डोक्यावर रबराचा छोटा उंचवटा खाली आलेला असतो. मागून हवेचा दाब आला की बीबी त्या उंचवट्याखालून घासत निघते. तिची वरची बाजू अडते, खालची पुढे सरकते आणि ती उलटी गिरकी घेत बॅरलमध्ये शिरते. टेबल टेनिसमध्ये चॉप मारलेला चेंडू जसा तरंगत येतो, तसंच हे. गिरकीमुळे बीबीच्या मागची हवा खाली वळवली जाते आणि बीबीला वर उचल मिळते. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख गुस्टाव मॅग्नस यांनी १८५२ साली या परिणामाचं वर्णन केलं, म्हणून त्याला मॅग्नस परिणाम म्हणतात. उचल आणि वजन साधारण सारखं झालं की बीबी सरळ रेषेत जाते. तो तोल साधणं म्हणजे हॉप लावणं.

आकड्यांत पाहिलं तर फरक चटकन कळतो. ०.२० ग्रॅमची बीबी सेकंदाला १०० मीटरने, म्हणजे ३२८ एफपीएसने (फूट प्रति सेकंद), निघाली की तिची ऊर्जा बरोबर १ जूल होते. हॉप पूर्ण बंद ठेवून ती आडवी सोडली तर २० मीटरवर ती साधारण ४५ सेंटीमीटर खाली आलेली असते, आणि खांद्याच्या उंचीवरून सोडलेली ३० मीटरच्या आसपास जमिनीला लागते. तोवर हवेच्या रोधाने तिची चाल एक तृतीयांशावर आलेली असते. त्याच बंदुकीत हॉप नीट लागला की ४० मीटर हे कामाचं अंतर होतं.

बीबीचं वजन आधी ठरवायचं, कारण हॉप त्या वजनापुरताच लागतो. जड बीबीला उचल जास्त लागते, शिवाय ती बॅरलमधून कमी वेगाने निघते, म्हणजे गिरकी दोन्ही कारणांनी वाढवावी लागते. १ जूलला ०.२५ ग्रॅमची बीबी सुमारे २९३ एफपीएसने जाते आणि ०.२८ ची सुमारे २७७ ने. हा आकडा पाहून बरेच जण ०.२० कडे परत वळतात. पण जड बीबी चाल टिकवून धरते. आमच्या हिशेबाने १५-१६ मीटरनंतर ०.२८ ची बीबी ०.२० पेक्षा वेगाने जात असते, आणि वाऱ्याने हलतेही कमी. मोकळ्यावर खेळायचं तर १ जूलच्या बंदुकीला ०.२५ किंवा ०.२८ घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे. ०.२० फक्त क्रोनोग्राफवर वेग मोजायला ठेवावी.

पाकिटावर छापलेल्या वजनावर विसंबू नये. मुंबईत झवेरी बाजारात सोनं तोलायचे ०.०१ ग्रॅमचे छोटे डिजिटल काटे मिळतात. त्यावर १०० बीबी एकदम तोलायच्या. ०.२५ च्या पाकिटातल्या १०० बीबी २५ ग्रॅमच्या अगदी जवळ भरायला हव्यात. मग पाच-दहा बीबी सुट्या तोलून वजन एकसारखं आहे का ते पाहायचं. व्यासासाठी व्हर्नियर पुरतो, तो नागदेवी स्ट्रीटवर सहज मिळतो. चांगली बीबी ५.९५ मिमीच्या आसपास असते. साध्या बॅरलचं भोक ६.०८ मिमी, घट्ट बॅरलचं ६.०३ किंवा त्याहून थोडं कमी. म्हणजे घट्ट बॅरलमध्ये मोकळी जागा उरते ती ०.०८ मिमी. बीबीवर साच्याची शिवण किंवा टोकाला टिंब दिसलं तर ते पाकीट बंदुकीत घालायचंच नाही.

आता बॅरल. डायल शून्यावर आणून उंचवटा पूर्ण वर घ्यायचा, मगच सफाईचा दांडा आत घालायचा. दांडा तोंडाकडून जातो. उंचवटा खाली असताना दांडा रेटला तर रबर फाटतं किंवा सरकतं. धुतलेल्या मलमलीची अरुंद पट्टी दांड्याच्या फटीत अडकवून गुंडाळायची, तिच्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब टाकायचे. सर्किट बोर्ड पुसायला वापरतात तेच हे, लॅमिंग्टन रोडवर मिळतं. पट्टी फिरवत आत-बाहेर करायची, काळं झालं की बदलायची, शेवटी कोरडी पट्टी फिरवायची. नव्या बंदुकीची बॅरलही पुसावी लागते, कारण कारखान्यातलं तेल आत असतं. तेलाचा पातळ थर रबरावर गेला की बीबी घासण्याऐवजी घसरते, एक वर जाते, दुसरी खाली. म्हणून बॅरलमध्ये सिलिकॉन स्प्रे मारायचा नाही. पेट्रोलियम तेलाचे स्प्रे तर रबराजवळही न्यायचे नाहीत.

पुसल्यावरही फायर विस्कटलेलं असेल तर चेंबर उघडायचं. एम४ मध्ये पुढची बॉडी पिन ढकलून वरचा भाग पुढे सरकवला की आतली बॅरल चेंबरसकट मागून बाहेर येते. चेंबरच्या पुढे बॅरलवर चढवलेली स्प्रिंग सुटी असते, ती लगेच डबीत टाकायची. बॅरलला चेंबरमध्ये धरून ठेवणारी सी आकाराची क्लिप बारीक स्क्रू-ड्रायव्हरने काढताना वर बोट ठेवायचं, नाहीतर ती उडते आणि सापडत नाही. मग वरची दांडी, म्हणजे आर्म, आणि तिच्याखालचा नब काढायचा. नब हा चिमुकला रबरी तुकडा, बहुतेक बंदुकांत मॅकरोनीच्या तुकड्यासारखा. डायल आर्मला दाबते, आर्म नबला, नब रबराला आणि रबर बीबीला. या साखळीतलं काहीही तिरकं असलं तर गिरकीचा आस तिरका होतो आणि बीबी एका बाजूला वळते.

बॅरल ओढली की तिच्या टोकावर चढवलेलं रबर बाहेर येतं. याला बकिंग म्हणतात. ते काढण्याआधी फोटो घ्यावा. बॅरलला वर एक खिडकी कापलेली असते. रबराचा आतला उंचवटा बरोबर त्या खिडकीत यायला हवा. रबराच्या बाहेरच्या रेघा चेंबरच्या खाचेत बसतात, त्यांनी दिशा ठरते. जुनं रबर प्रकाशात धरून पाहायचं. मागच्या ओठांना चीर आहे का, उंचवट्याला चर पडलाय का, एक कड जास्त झिजलीय का? यातलं एक जरी दिसलं तरी रबर बदलायचं. ही बंदुकीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक दुरुस्ती. घट्ट बॅरलवर पैसे घालण्याआधी चांगलं रबर आणि नब घ्यावा, यावर आमच्यात दुमत नाही.

रबर ५०, ६०, ७० अशा अंशांच्या कडकपणात मिळतं. मऊ रबर कमी ताकदीला आणि थंडीत चांगलं पकडतं. कडक रबर जास्त ताकदीला आणि उकाड्यात टिकतं. मुंबईत थंडी अशी पडतच नाही, त्यामुळे ऋतूगणिक रबर बदलायची गरज नसते. १ जूलच्या आसपास ६० अंशाचं वर्षभर चालतं. ५० अंशाचं मे महिन्यात गाडीच्या डिकीत तापलं की फारच लोळतं, त्यापेक्षा ६० बरं. सिलिकॉनच्या रबराला सिलिकॉन तेल लागू द्यायचं नाही, ते फुगतं.

नवं रबर चढवताना तेल नको. बॅरलच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लावला तरी ते सरकतं. रबर शेवटपर्यंत ओढायचं, पीळ पडला नाही ना ते खिडकीतून पाहायचं. बॅरल चेंबरमध्ये सैल वाटली तर रबराच्या बाहेरून टेफ्लॉन टेपचा एक, फार तर दोन वेढे द्यायचे. प्लंबरकडची पांढरी टेप चालते. ती खिडकीवर येऊ द्यायची नाही आणि जाड करायची नाही, कारण चेंबरमध्ये कोंबताना रबर चुरगळतं आणि मग डायल शून्यावर असतानाही उंचवटा खाली राहतो.

सगळं बसवल्यावर, बंदुकीत घालण्याआधी, एक तपासणी करायची आणि ती कधीच गाळायची नाही. चेंबरच्या बाजूने टॉर्च धरायचा आणि बॅरलच्या तोंडातून आत बघायचं. डायल हळूहळू फिरवली की वरून उंचवटा उतरताना दिसतो. तो गोल प्रकाशाच्या बरोबर माथ्यावर असावा आणि दोन्ही बाजू सारख्या उतराव्यात. डावी बाजू आधी उतरत असेल तर सगळं परत काढायचं. इथे गेलेली दहा मिनिटं मैदानावर अख्खी सकाळ वाचवतात. शून्यावर उंचवटा जवळजवळ दिसू नये, पूर्ण फिरवल्यावर भोकाचा वरचा भाग स्पष्ट झाकला जावा.

मग क्रोनोग्राफ. ०.२० च्या बीबीने, डायल शून्यावर ठेवून दहा फायर. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक ५ एफपीएसच्या आत आला तर उत्तम, दहापर्यंत चालेल. पंधराच्या पुढे गेला तर कुठेतरी हवा गळते आहे: रबराच्या ओठांपाशी, नोझलपाशी किंवा सिलिंडरमध्ये. वेग प्रत्येक फायरला बदलत असेल तर हॉप लागणं अशक्य, कारण उचल वेगावर अवलंबून असते. डायल आत घेतल्यावर वेग थोडा उतरतो, ते ठीक. वीस एफपीएसच्या वर उतरला तर नब फार दाबतो आहे.

खरी अडचण जागेची. हॉप लावायला किमान ४० मीटर सरळ, बंदिस्त आणि निर्मनुष्य जागा लागते, आणि शहरात ती नाही. टर्फ भाड्याने मिळतो, पण क्रिकेटच्या जाळीची भोकं बीबीपेक्षा कितीतरी मोठी असतात. बीबी जाळीतून थेट रस्त्यावर जाते, म्हणून टर्फ बाद. कर्जत-बदलापूरच्या बाजूला कुंपण घातलेली खासगी जागा, मालकाच्या परवानगीने आणि मागे मातीचा बांध असेल तरच. वेळ सकाळची धरावी. दुपारी समुद्रावरचा वारा आत सरकतो आणि ०.२५ ची बीबी ३० मीटरवर सहज हातभर ढकलतो. मग बंदूक वळवते की वारा, ते कळत नाही. बंद गाळ्याच्या १५-२० मीटर लांबीत फक्त एवढंच कळतं की बीबी डावी-उजवीकडे वळत नाही. हॉपचा शेवटचा बिंदू तिथे सापडत नाही.

१०, २०, ३० आणि ४० मीटरवर खुणा करायच्या. बंदूक वाळूच्या पिशवीवर आडवी आणि सरळ उभी टेकवायची. ती उजवीकडे कलली तर उचलीची दिशाही उजवीकडे कलते आणि बीबी उजवीकडे जाते. नेम साधणाऱ्यापेक्षा त्याच्या मागे खांद्यावरून पाहणाऱ्याला बीबीची वाट जास्त नीट दिसते, म्हणून हे काम दोघांनी करावं. पांढरी बीबी, समोर गर्द हिरवं किंवा काळसर काहीतरी. या टप्प्यावर कागदावरची भोकं बघायची नाहीत, फक्त वाट बघायची. नेम धरायच्या साइटलाही हात लावायचा नाही.

नवं रबर असेल तर आधी अर्धं मॅगझिन नुसतं सोडायचं, म्हणजे रबर बसतं. मग डायल शून्यावर. एकेक करून पाच फायर. बीबी २० मीटरच्या आत खाली झुकताना दिसेल. डायल थोडी आत, पुन्हा पाच. प्रत्येक बदलानंतरच्या पहिल्या दोन बीबी मोजायच्या नाहीत, रबर आणि आर्म जागेवर यायला तेवढं लागतं. असं करत गेलं की बीबी २५ मीटरपर्यंत, मग ३० पर्यंत सरळ धावायला लागते. पुढच्या टप्प्यावर ती शेवटाकडे वीतभर वर उचलली जाते आणि मग खाली उतरते. तोच बिंदू. आणखी आत गेलं की १५-२० मीटरवरच ती वर चढते, हवेत थबकल्यासारखी होते आणि कुठेही पडते. याला ओव्हरहॉप म्हणतात. पोहोचते तर खूप लांब, पण नेम उरत नाही.

बिंदू ओलांडला तर नुसती किंचित मागे घेऊन थांबायचं नाही. डायलच्या दात्यांमध्ये ढिलाई असते. डायल मागे गेली तरी आर्म तिथेच राहतो आणि पुढच्या दहा-वीस फायरमध्ये हळूच सरकतो. म्हणून बरंच मागे यायचं आणि पुन्हा आत येत बिंदू गाठायचा. शेवटची हालचाल नेहमी दाबाच्या दिशेने. मग डायलवर आणि चेंबरवर समोरासमोर रंगाचा ठिपका. ऑटोवर दहा-दहाचे दोन झोत सोडून ठिपके अजून समोरासमोर आहेत का ते पाहायचं. सरकत असतील तर डायलखाली पातळ ओ-रिंग घालून तिला घट्ट करायचं. एवढं झाल्यावरच ३० मीटरवर साइट लावायची.

बिघाड ओळखायची आमची रीत अशी. बंदूक सरळ असूनही प्रत्येक बीबी एकाच बाजूला वळते: नब किंवा रबर तिरकं, टॉर्चकडे परत. कधी डावीकडे, कधी उजवीकडे: बॅरल घाण, रबरावर तेल, बीबी खराब, किंवा आतली बॅरल बाहेरच्या बॅरलमध्ये डुगडुगते. डुगडुगत असेल तर आतल्या बॅरलला पुढच्या टोकाजवळ टेपचे वेढे द्यायचे. डायल पूर्ण आत, तरी बीबी पडतेच: नब पडून गेलाय, रबर झिजलंय किंवा या रबराला ती बीबी फार जड आहे. डायल शून्यावर, तरी बीबी वर जाते: रबर चुरगळलंय किंवा आर्म अडकलाय, नाहीतर बीबी फार हलकी. एका फायरला दोन बीबी: रबराचे ओठ गेले. बीबी अडकली तर आधी डायल शून्यावर, मग दांड्याने तोंडाकडून हलकेच ढकलायची.

पकड वाढवण्यासाठी सपाट नब किंवा खिडकीभर लांब रबरी पट्टी बसवायची पद्धतही आहे. तिला आर-हॉप म्हणतात. घासण्याची लांबी वाढल्याने ०.३० च्या पुढच्या बीबीही स्थिर उचलल्या जातात. पण पट्टी खिडकीत अगदी तंतोतंत बसवावी लागते. साध्या बंदुकीत आधी सपाट नब घालून पाहावा. बहुतेकांना त्यापुढे जायची गरज पडत नाही.

एके आणि एमपी५ मध्ये डायलऐवजी पुढे-मागे सरकणारी पट्टी असते, ती धक्क्याने जास्त सरकते. खुणेचा ठिपका तिथे आणखी गरजेचा. गॅस पिस्तुलात स्लाइड काढली की बॅरलखाली चाक दिसतं. गॅसचा दाब उन्हाने वाढतो, म्हणजे वेग वाढतो, म्हणून सकाळी सातला लावलेला हॉप दुपारी दोनला जास्त वाटतो. गॅसमध्ये सिलिकॉन तेलही असतं. पिस्तुलाचं रबर त्यामुळे लवकर निसरडं होतं आणि बॅरल वरचेवर पुसावी लागते.

पावसाळ्यात बंदूक कपाटात जाते तेव्हा डायल शून्यावर ठेवायची. दाबून ठेवलेलं रबर तोच आकार धरतं. बॅटरी वेगळी, मॅगझिन रिकामं, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. विघटनशील बीबीचं पाकीट एकदा उघडलं की मुंबईच्या दमट हवेत ते फार दिवस ठेवू नये. त्या ओलावा धरतात, आणि घट्ट बॅरलमधल्या त्या ०.०८ मिमीत फुगलेल्या बीबीला जागा नसते. उरलेल्या बीबी हवाबंद बरणीत, बरणीवर वजन आणि उघडल्याची तारीख लिहून. मॅगझिनवरही वजनाची चिकटपट्टी लावावी. ०.२८ ला लावलेल्या बंदुकीत चुकून ०.२० भरलेलं मॅगझिन गेलं तर पहिल्याच फायरला बीबी आभाळात जाते.